शाळेतील संगणकांसाठी नेटवर्क बूट डिस्क : तयार करण्याची व वापरण्याची रीत

जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ प्राथमिक शाळांत आज संगणक आहेत. काही शासकीय योजनांतून आले, तर काही लोकवर्गणीतून. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धुळे जिल्ह्यातील गावोगावच्या ग्रामस्थांनी पदरमोड करून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याचे कार्य अंगावर घेतले, हे आपणां सर्वांस विदित आहेच. परंतु यंत्र मिळविणे ही एक गोष्ट आणि ते चालते ठेवणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही.

संगणक बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचे यंत्र शाबूत असते. बिघडलेली असते ती हार्ड डिस्कवरील प्रणालीची मांडणी. काम चालू असता वीज गेली, कोणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला, एखादी आवश्यक फाइल पुसली गेली, की संगणक सुरू होईनासा होतो. मग तालुक्याच्या गावाहून जाणकार येईपर्यंत त्यावर कापड पडते, आणि असे पडलेले कापड पुष्कळदा वर्षभर उठत नाही. दहा यंत्रांपैकी चार यंत्रे झाकलेली असली म्हणजे उरलेल्या सहांवर चाळीस मुले बसतात. त्यांतही मागील बाकावरची मुले पडदा पाहतात, कळफलकाला त्यांचा हात लागतच नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील मुलांच्या बाबतीत ही हानी भरून निघण्यासारखी नसते.

एक संगणक पुन्हा नव्याने मांडावयाचा म्हणजे मूळ प्रणाली घालणे, यंत्राच्या निरनिराळ्या भागांचे ड्रायव्हर घालणे, देवनागरी कळफलक बसविणे, पाठांच्या चित्रफिती व शैक्षणिक खेळ भरणे, छपाईयंत्र जोडणे अशी कामे ओळीने करावी लागतात. एका यंत्रास निदान अर्धा दिवस लागतो. दहा यंत्रांचा हिशेब केला तर कामाचा आठवडा संपतो, आणि तरीही दहा यंत्रे दहा प्रकारची होतात. एकावर मराठी टंकलेखन चालते, दुसऱ्यावर अक्षरे तुटतात. यास्तव एक यंत्र परिपूर्ण मांडावे व त्याचीच हुबेहूब प्रत इतरांवर उतरावी, ही रीत जगभर रूढ झाली आहे. अशा प्रतीला तंत्रज्ञ ‘इमेज’ म्हणतात.

यावल-रावेर भागातील वाचकांना हे समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. आपण केळी बियांपासून लावीत नाही. पूर्वापार चालत आलेली पद्धत म्हणजे चांगल्या झाडाचे मुनवे काढून लावावेत. आणि आता ऊतिसंवर्धनाची रोपे आणावीत, जी निवडलेल्या मातृवृक्षापासून प्रयोगशाळेत वाढविलेली असतात. दोन्ही पद्धतींत रोप मातृवृक्षासारखेच निपजते. त्याचे फणे चांगले, तर सगळ्या बागेचे फणे चांगले. मात्र त्याच्या अंगी विषाणू असेल तर तोही बागभर पसरतो. म्हणूनच प्रयोगशाळेत मातृवृक्षाची विषाणूंसाठी तपासणी आधी होते. संगणकाच्या इमेजलाही हा नियम तंतोतंत लागू पडतो. ज्या यंत्राची इमेज घ्यावयाची ते यंत्र व्हायरसमुक्त, सुटसुटीत आणि आठ-दहा दिवस वापरून पारखलेले असावे. त्यातील एक दोष म्हणजे वर्गातील दहा दोष होत. या यंत्रास या लेखात आदर्श संगणक म्हटले आहे.

आता प्रश्न असा की इमेज घ्यावयाची किंवा उतरवावयाची तर ती कोणी? संगणक ज्या हार्ड डिस्कवरून स्वतः चालला आहे तिलाच त्याने मुळापासून पुसून पुन्हा लिहावे, हे घडणे शक्य नाही. ज्या बाजेवर आपण बसलो आहोत तिची नवार बसल्याजागी बदलता येत नाही; आधी खाली उतरावे लागते. संगणकाला असे खाली उतरून उभे राहण्यास जी जागा द्यावी लागते, ती म्हणजे बूट डिस्क. तिच्यात एक लहानशी स्वतंत्र प्रणाली असते. संगणक तिच्यावरून सुरू होतो, हार्ड डिस्क मोकळी राहते आणि मग तिच्यावर हवे ते काम करता येते. दोन-तीनच संगणक असतील तर बूट डिस्क व इमेज घेऊन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जावे हे उत्तम. त्यासाठी नेटवर्कचा खटाटोप करू नये. परंतु यंत्रे आठ-दहा किंवा अधिक असतील तर सर्वांना एकाच वेळी नेटवर्कमधून प्रत पोचविणे सोयीचे असते. त्यासाठीच्या बूट डिस्कला नेटवर्क बूट डिस्क म्हणतात.

पूर्वी ही डिस्क म्हणजे खरोखरीची फ्लॉपी असे. तिची धारणशक्ती अवघी १.४४ मेगाबाइट. एवढ्या जागेत डॉस प्रणाली, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, मायक्रोसॉफ्टची नेटवर्क आज्ञावली आणि दोन-चार आरंभीच्या फाइली बसवाव्या लागत. प्रत काढणारी आज्ञावली पुष्कळदा फ्लॉपीत मावत नसे, ती सर्व्हरवरूनच चालवावी लागे. कार्डाची जात बदलली की फ्लॉपी निराळी. एकाच प्रयोगशाळेत तीन प्रकारची कार्डे असली तर तीन फ्लॉप्या, त्यांवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांपैकी एक फ्लॉपी ऐन वेळी वाचली न जाणे हे ठरलेलेच! प्रत काढणाऱ्या आज्ञावल्यांत त्या काळी ‘घोस्ट’चे नाव फार होते. ती न्यूझीलंडमध्ये १९९५ च्या सुमारास तयार झाली आणि १९९८ साली सिमँटेक या कंपनीने विकत घेतली. आपणांस आज उपयोगी पडणारी ‘क्लोनझिला’ ही आज्ञावली तैवानमधील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेली असून ती मोफत व मुक्त आहे. हार्ड डिस्क ५०० गीगाबाइटची असली तरी तिच्यातील भरलेला भाग तेवढाच उचलावयाचा, रिकामा सोडून द्यावयाचा, असे तिचे धोरण असल्यामुळे इमेज आटोपशीर होते.

फ्लॉपीची कटकट संपली ती नेटवर्क कार्डातच सुरू होण्याची युक्ती बसविल्यामुळे. या युक्तीस ‘पीएक्सई’ म्हणतात, आणि तिचे प्रमाणित स्वरूप इंटेल कंपनीने १९९९ साली प्रसिद्ध केले. तिच्यामागील कल्पना मात्र त्याहून जुन्या आहेत. यंत्राने सुरू होताच नेटवर्कवर हाक देऊन स्वतःचा पत्ता विचारावा, ही पद्धत १९८५ साली लिहून ठेवलेली आहे. तिचीच सुधारलेली आवृत्ती ‘डीएचसीपी’ १९९३ साली आली. ही कल्पना नीट समजली पाहिजे, कारण पुढील बहुतेक अडचणी येथेच उगम पावतात.

संगणकाला नेटवर्कवरून सुरू होण्यास सांगितले म्हणजे प्रथम त्याला काहीच ठाऊक नसते; कारखान्यात कार्डावर कोरलेला स्वतःचा क्रमांक तेवढा ठाऊक असतो. तो क्रमांक सांगून तो सर्व नेटवर्कला उद्देशून हाक देतो : मी अमुक क्रमांकाचा, मला पत्ता कोण देईल? सर्व्हर उत्तर देतो, पत्ता देतो, आणि सुरू होण्याची फाइल कोठे आहे व तिचे नाव काय, हेही कळवितो. मग संगणक ती छोटी फाइल अगदी साध्या पद्धतीने, तुकड्यातुकड्यांनी, मागून घेतो. ती फाइल पुढे पूर्ण प्रणाली मागविते, आणि काही क्षणांत संगणक आपल्या हार्ड डिस्कला स्पर्श न करता उभा राहतो. त्यानंतर सर्व्हरकडून इमेज येऊ लागते.

आता समजा, हाकेला दोघांनी उत्तर दिले तर? शाळेत इंटरनेटसाठी जी राउटरची पेटी असते, तीही पत्ते वाटण्याचेच काम करते. एकाच वर्गात दोन मास्तर हजेरी घेऊ लागले तर जे होईल तेच येथे होते. काही संगणक सर्व्हरचे ऐकतात, काही राउटरचे. राउटरला सुरू होण्याच्या फाइलची वार्ता नसते, म्हणून तसे संगणक अर्ध्यावर थांबतात. त्याहून वाईट म्हणजे, हे नेटवर्क केंद्रातील इतर कार्यालयांशी जोडलेले असले तर तेथील कामही खोळंबते. याला जाणकार निरनिराळे उपाय सांगतात. प्राथमिक शाळेला सर्वांत निर्धोक उपाय एकच : राउटरची केबल काढून ठेवावी आणि सर्व्हर व वर्गातील संगणक एवढेच एका स्विचला जोडावेत. ज्या पेटीत सर्व केबली एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. वायफायवर हे काम करू नये.

आता प्रत्यक्ष कृती. क्लोनझिलाची लाइव्ह आवृत्ती इंटरनेटवरून एकदाच उतरवून घ्यावी. जेथे संपर्क बरा असेल त्या ठिकाणी, केंद्रशाळेत किंवा तालुक्याच्या गावी, हे काम करावे. उतरविलेल्या फाइलची तपासणी-बेरीज संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी जुळते की नाही ते पाहावे. न जुळल्यास फाइल वाटेत खंडित झाली असे समजावे व पुन्हा उतरवावी. मग ‘रुफस’सारख्या आज्ञावलीने ती पेन ड्राइव्हवर लिहावी. आठ गीगाबाइटचा पेन ड्राइव्ह पुरून उरतो. लिहिताना पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व काही नाहीसे होते. तसेच आज्ञावली ज्या डिस्कवर लिहिणार ती पेन ड्राइव्हच आहे, जोडलेली दुसरी डिस्क नव्हे, हे तिच्या आकाराच्या आकड्यावरून ताडून पाहावे. इतके झाले की बूट डिस्क तयार झाली.

इमेज ठेवण्यासाठी वेगळी बाहेरची हार्ड डिस्क लागते. आदर्श संगणकास पेन ड्राइव्ह व बाहेरची डिस्क जोडून तो सुरू करावा. आरंभी कोणती कळ दाबली असता कोठून सुरू व्हावयाचे ते विचारले जाते, हे यंत्राच्या कंपनीवर अवलंबून असते. कोठे एफ-१२, कोठे एफ-९. पडद्यावर ज्या निवडी येतात त्यांत ‘सेव्हडिस्क’ निवडल्यास हार्ड डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर जाते. इमेज झाल्यावर ती शाबूत आहे की नाही याची तपासणी करून घ्यावी. आज्ञावली स्वतःच तसे विचारते, तेव्हा वेळ वाचविण्यासाठी नाही म्हणू नये.

वाटपाच्या दिवशी कोणताही एक संगणक, शक्य तर केबल लागू होणारा लॅपटॉप, सर्व्हर म्हणून घ्यावा. तो त्याच पेन ड्राइव्हवरून सुरू करावा, बाहेरची डिस्क जोडावी व क्लोनझिलातील ‘लाइट सर्व्हर’ ही निवड करावी. असा सर्व्हर पत्ते वाटणे, आरंभीची फाइल देणे आणि इमेज पाठविणे ही तिन्ही कामे पाहतो. मग वर्गातील संगणक नेटवर्कवरून सुरू करावेत. जुन्या यंत्रांच्या कार्डात पीएक्सई नसले किंवा ते नीट चालत नसले, तर ‘आयपीएक्सई’ या नावाची लहानशी मोफत आज्ञावली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहून तिच्यावरून ते यंत्र सुरू करता येते. पुढचा मार्ग तोच. नेटवर्क बूट डिस्क हे नाव आज खऱ्या अर्थाने या दुसऱ्या पेन ड्राइव्हलाच शोभते.

इमेज पाठविण्याचे दोन प्रकार आहेत. एक, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र. दुसरा, सर्वांना एकदम, ज्याला ‘मल्टिकास्ट’ म्हणतात. यातला फरक मोठा आहे. इमेज १५ गीगाबाइटची आहे आणि नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिटचे आहे असे धरू. प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात. म्हणजे एका यंत्राला सुमारे २३ मिनिटे. बारा यंत्रांना स्वतंत्रपणे पाठविले तर साडेचार तासांहून अधिक. मल्टिकास्टने मात्र बाराही यंत्रे जवळजवळ त्याच २३ मिनिटांत आटोपतात, कारण सर्व्हर एकदाच वाचून दाखवितो व सगळे लिहून घेतात. श्रुतलेखनाचाच हा प्रकार! आणि श्रुतलेखनाप्रमाणेच सर्वांत संथ विद्यार्थ्यासाठी बाकीच्यांना थांबावे लागते. एखाद्या यंत्राची हार्ड डिस्क मंद असेल तर ते वेगळे काढून नंतर करावे.

येथे अत्यंत महत्त्वाची सूचना करणे आवश्यक आहे. ‘सेव्हडिस्क’ व ‘रिस्टोअरडिस्क’ या दोन निवडी पडद्यावर जवळजवळ असतात, परंतु त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. पहिलीने डिस्क वाचली जाते. दुसरीने ती पुसून तिच्यावर इमेज लिहिली जाते. पुसलेले परत येत नाही. मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील संगणक पुष्कळ शाळांत त्याच स्विचला जोडलेला असतो. त्यात शिष्यवृत्तीच्या याद्या, निकालपत्रके, सरल व यू-डायसची माहिती आणि वर्षावर्षाचा पत्रव्यवहार असतो. तो जर नेटवर्कवरून सुरू होण्याच्या स्थितीत असेल आणि वाटपाच्या वेळी कोणी सहज चालू केला, तर तोही हाक देईल, त्यालाही उत्तर मिळेल आणि अर्ध्या तासात तो मुलांच्या वर्गातील अकरावा संगणक होऊन बसेल. आज्ञावली आधी परवानगी विचारील असा भरवसा धरू नये. वाटप सुरू करण्यापूर्वी त्या संगणकाची केबल स्विचमधून काढून टेबलावर दिसेल अशी ठेवावी. ज्या यंत्रांवर इमेज उतरवावयाची त्यांवर खडूने खूण करावी आणि खूण नसलेले यंत्र त्या दिवशी सुरूच करू नये.

वर्गातील यंत्रांवरही जतन करण्याजोगे पुष्कळ असते, आणि ते आपल्या ध्यानात येत नाही. मुलांनी काढलेली चित्रे, त्यांनी टंकलेले निबंध, एखाद्या शिक्षिकेने गावातील आजीबाईंकडून अहिराणीत म्हणवून घेतलेल्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण, पावरा मुलांसाठी केलेली शब्दांची चित्रयादी. ही सामग्री कोणत्याही बाजारात वा संकेतस्थळावर मिळत नाही. ती आधी गोळा करून बाहेरच्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावी. त्यातील जे सर्व वर्गांना उपयोगी असेल ते आदर्श संगणकावरच घालावे, म्हणजे इमेजबरोबर ते प्रत्येक यंत्रावर जाईल. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. एका शाळेतील शिक्षिकेचे काम केंद्रातील दहा शाळांत एका दिवसात पोचू शकते.

आदर्श संगणक निवडताना वर्गातील सर्वांत लहान हार्ड डिस्क असलेला घ्यावा, कारण मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर सहसा उतरत नाही. सुरू होण्याची जुनी व नवी अशा दोन पद्धतींची यंत्रे वर्गात मिसळलेली असतील तर दोन इमेज घ्याव्या लागतात; नव्या यंत्रांतील ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करावे लागण्याचाही संभव असतो. प्रत उतरल्यावर सर्व यंत्रांचे नाव व अंतर्गत ओळख-क्रमांक सारखेच असतात, त्यामुळे दोन यंत्रांना एकच पत्ता मिळून गोंधळ होतो. विंडोज असल्यास इमेज घेण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ चालवावे. लिनक्स असल्यास प्रत्येकाचा ओळख-क्रमांक नव्याने तयार करावा. परवान्याचा प्रश्नही विसरून चालणार नाही. पैसे देऊन घेतलेल्या प्रणालीची प्रत दहा यंत्रांवर उतरविली म्हणून दहा परवाने मिळत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्या शाळांतील पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ ला पात्र नाहीत. अशा यंत्रांसाठी सी-डॅकने २००७ साली उपलब्ध करून दिलेली ‘बॉस’ किंवा तत्सम मुक्त प्रणाली घ्यावी. तिच्यात मराठीची सोय असून प्रती काढण्यास कोणाची आडकाठी नाही.

काम दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत करावे. मे महिन्यात मात्र सकाळी सातला आरंभ करून दहाच्या आत आटोपावे. जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि सतत अर्धा तास लिहीत असलेली हार्ड डिस्क पत्र्याच्या खोलीत फार तापते. सर्व्हर व स्विच यांना बॅटरीचा आधार असावा. वाटपाच्या मध्येच एखाद्या संगणकाची वीज गेली तर त्याचे एकट्याचे काम पुन्हा करावे लागेल. सर्व्हरची गेली तर सर्वांचेच.

पडद्यावरील सूचना इंग्रजीत असतात, म्हणून काही शिक्षक या कामापासून दूर राहतात. ही भीती वाजवीहून मोठी आहे. जे पडदे येतात ते थोडे असून दर वेळी तेच व त्याच क्रमाने येतात. प्रथम जाणकारासमवेत काम करताना प्रत्येक पडद्यावरील निवड वहीत मराठीत उतरवून घ्यावी, आणि ‘रिस्टोअरडिस्क’ची ओळ लाल शाईने लिहावी. पुढील सुटीत त्याच वहीवरून शाळेतील दुसऱ्या शिक्षकास काम करता आले म्हणजे वही बरोबर लिहिली गेली असे समजावे.

काम संपल्यावर पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क व वही एकत्र डब्यात घालून कपाटात ठेवावी. डब्यावर इमेजची तारीख, आदर्श संगणकाची कंपनी व नमुना, हार्ड डिस्कचा आकार आणि ती जुन्या की नव्या पद्धतीने सुरू होते, हे लिहावे. इमेजची एक जादा प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी, म्हणजे शाळेतील डिस्क नादुरुस्त झाली तरी ती तेथून परत आणता येईल.